तार खाते तेवढं

पहिलं हे लिहून घ्या गुरुजी, की मी इथं कोणाच्या मेहेरबानीनं नाही बसली. बाकी मंग जे लिहायचं ते लिहा, खाली-वर झालं तरी चालेल, पण हे पहिलं. अन् त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय हलते, तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, काऊन ते पुढं येईलच. इकडं पंख्याखाली बसा. तुमच्या शाळेच्या पोरांचं ते धरणाचं मॉडेल कापून राहिली मशीन, फोम जळल्याचा थोडा वास येईल, मनावर घेऊ नका, मागचा पंखा सारा धूर बाहेर फेकते.

माझं माहेर कामठा. बाप गोंदियाले राइस मिलमध्ये पोते उचलत होता, माय दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याले जाये. आजानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर एक बुद्धाचा फोटो अन् एक बाबासाहेबांचा. एप्रिल लागला की सारा मोहल्ला जयंतीच्या मागं. पताका कापायचं काम आम्हा पोरींकडं असे, अन् काय सांगू तुम्हाला, माझ्या हातात कात्री आली की बाकीच्या पोरी आपली कात्री खाली ठेवत. गर्व नाही सांगत, होतं ते सांगते. मामा नवेगाव-बांध गावाले राहे, तलावात जाळं टाकून पोट भरे. त्याच्याकडं गेली की मी कमळाचं फूल मागून घेई. कमळाची पाकळी लवकर मलूल होते, म्हणून तिथंच काठावर बसून पाकळी पुठ्ठ्यावर ठेवायची अन् भोवतीनं पेन्सिल फिरवून घ्यायची. मामा हसे, म्हणे हे पोट्टी मासे सोडून फुलं घेऊन जाते, हिले काय खाऊ घालतील सासरचे, पाकळ्या? तो पुठ्ठा माझा पहिला फर्मा. फर्मा म्हणजे नमुना, ज्याच्या कडेनं कापायचं तो. तो अजून आहे माझ्याकडं, दाखवते मंग.

लग्न होऊन गोंदियात आली. आमचे हे मालाचा ऑटो चालवतात, स्वभावानं थंड माणूस, माझ्या उलट. नव्याण्णव साली मी मुन्ना सेठच्या गोदामात लागली. खरं नाव वेगळं आहे त्याचं, ते मी तोंडानं घेत नाही, तुम्ही मुन्ना सेठच लिहा. मंडप-डेकोरेशनचं मोठं काम होतं त्याचं. लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीचं नाव, मोर, कळस, कमानी, सारं थर्माकोलचं, अन् मंग हळूहळू फोमचं. तेव्हा लेझर कोणाले माहीत. आम्ही तारेनं कापत होतो. बांबूची कामठी वाकवून तिले हीटरच्या कॉइलची तार ताणून बांधायची, वीज सोडायची, तार लाल झाली की फोममधून अशी जाते जशी सुरी लोण्यातून. फर्मा फोमवर ठेवायचा अन् त्याच्या कडेनं तार फिरवायची.

आता इथं एक गोष्ट आहे ती नीट ऐका. तार गरम असते, ती जिथून जाते तिथलं थोडंसं फोम वितळून जाते. आम्ही म्हणत होतो, तार खाते. म्हणून फर्मा जेवढी वस्तू पाहिजे तेवढा नाही कापायचा, तार खाईल तेवढा कडेनं वाढीव ठेवायचा. रांधणारी बाई मेथी शिजून किती उरेल हे पाहून टाकते, तसं. हे कोणी मले शिकवलं नाही अन् मी कोणाले सांगितलं नाही. हातालेच माहीत होतं, तोंडापर्यंत कधी आलंच नाही.

तिथं मी कमळाचं कडं बनवलं. मोठ्या मोठ्या पाकळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते, अशा साऱ्या एकमेकीत अडकून गोल कडं तयार होते, ना खिळा ना गोंद. मधे काय पाहिजे ते ठेवा. लग्नात नवरा-नवरीचं नाव, जयंतीत चक्र. आठ-नऊ वर्षं गुरुजी, गोंदिया जिल्ह्यात जिथं म्हणून मोठं लग्न झालं तिथं माझं कमळ लागलं. अन् लोक म्हणत, मुन्ना सेठचं कमळ. मी स्टेजच्या मागं उभी राहून ऐके. सेठले मी एकदा म्हटलं, सेठ, कोपऱ्यात लहानसं माझं नाव टाकू का. तो हसला, म्हणाला, अरे कुंदा, हलवाई का नाम होता है डिब्बे पर, कढ़ाई का थोडी होता है. मी रागानं लाल झाली, पण तेव्हा पोरगी दुधाची होती, गिळलं.

मंग दोन हजार आठ-नऊच्या सुमारास त्यानं लेझर मशीन आणली. नागपूरहून ट्रकमध्ये आली, पलंगाएवढी, नारळ फोडला, पेढे वाटले. मी पहिल्या दिवशी पाहिलं अन् माझा जीव तिच्यावर जडला, खोटं कायले सांगू. उजेडाचा एक थेंब येते अन् फोम कापत जाते, कडा अशी गुळगुळीत की हात फिरवत राहावं वाटते. मी म्हटलं, सेठ, मले शिकवा, मी चालवते. तो म्हणाला, तेरे बस का नहीं, कंप्यूटर है. अन् रायपूरहून भाचा बोलावला. भाच्यानं काय केलं, भिंतीवर खिळ्याले टांगलेले माझे सारे फर्मे काढले, एक एक काचेवर ठेवून कंप्यूटरमध्ये घेतले. माझ्यासमोर. पोरगा वाईट नव्हता, त्यानं मले विचारलंही, मौसी, जैसा है वैसाच लूँ ना? मी म्हटलं, जैसा है वैसाच ले बेटा. खोटं नाही बोलली मी. त्यानं जे विचारलं त्याचं उत्तर दिलं.

साऱ्या फर्म्यांचं काम झालं त्या दिवशी सेठनं मले बोलावलं अन् म्हणाला, कुंदा, कल से मत आना, अब तेरे हाथ की क्या जरूरत. मी म्हटलं, ठीक आहे, माझे फर्मे द्या. तो म्हणाला, कौन से तेरे? पुट्ठा मेरा, पेन्सिल मेरी, गोदाम मेरा. त्यात माझ्या मामाकडचा तो पहिला पुठ्ठाही होता. मी त्याच्या टेबलावर हात आपटला, जे तोंडात आलं ते बोलली, ते तुम्ही लिहू नका, तुमचं पुस्तक शाळेत जाईल. दोन नोकरांनी मले गेटाबाहेर केलं.

आता ऐका काय झालं. लेझर खात नाही गुरुजी. खाते, पण केसाएवढं. अन् माझे फर्मे होते तारेच्या भुकेच्या हिशेबानं वाढीव.

लग्नसराईत त्याचं काही बिघडलं नाही, नावं कापली, मोर कापले, सुट्या वस्तूले काय होते. मंग आला एप्रिल. आमच्या कामठ्याच्या जयंती समितीनं मोठ्या स्टेजचं काम सेठले दिलं होतं, पाहिजे काय तं कमळातलं चक्र. समितीत माझा चुलतभाऊ, भाऊराव. जयंतीच्या आदल्या दुपारी सेठचे लोक स्टेजवर पाकळ्या जुळवाले बसले. एक बसली, दुसरी जरा दाबून बसली, तिसरी अजून दाबून. प्रत्येक पाकळी थोडी थोडी जास्त, अन् तेच थोडं थोडं जमा होत गेलं. शेवटच्या पाकळीले जागाच उरली नाही. ठोकून ठोकून घातली तं सारं कडं मधून वर उचललं, सपाट राहीना, मोहाच्या पानाच्या पालथ्या द्रोणासारखं झालं. चक्र त्यात ठेवलं की घरंगळून बाजूले येई. भाच्यानं कंप्यूटर तपासला, मशीन तपासली, म्हणाला फर्मे में जैसा है वैसाच कटा है. अन् ते खरंच होतं.

मी घरी तांदूळ निवडत बसली होती. मले कोणी सांगाले आलं नव्हतं, पण मी वाट पाहून राहिली होती, आमच्या ह्यांनी विचारलंही, आज काऊन अशी दाराकडं तोंड करून बसली. मंग आली स्कूटर. मागं भाऊराव बसलेला. सेठ खाली उतरला, माझ्या दारात पहिल्यांदाच, अन् म्हणाला, चल कुंदा, थोडा काम है.

थोडा. मी सूप खाली ठेवलंच नाही. म्हटलं, मशीन आहे ना.

तो म्हणाला, मशीन गलत काट रही है, कितना लेगी बोल. मी म्हटलं, मशीन बराबर कापून राहिली, तुम्हीच गलत आहात. अन् घेणार काही नाही, पैसा तं अजिबात नाही. तो घाबरला बरं का गुरुजी. सौद्यात पैसा मागणाऱ्याले कोणी भीत नाही, जो पैसा मागत नाही त्याले भितात. हे मी गोंदियाच्या बाजारातच शिकली.

भाऊराव हात जोडून म्हणाला, ताई, तुझं सेठशी काय असेल ते असेल, जयंती आपली आहे. इथं माझी अडचण झाली, खरं सांगते. सेठचं नाक कापायचं म्हटलं तं ते बाबासाहेबांच्या स्टेजवर कापलं जाणार, अन् माझा बाप अंगणात पताका लावून बसला असणार. मी म्हटलं, ठीक आहे, दोन गोष्टी. माझे सारे फर्मे सेठ स्वतःच्या हातानं आणून माझ्या दारात ठेवतील, नोकराच्या हातानं नाही. अन् कमळाच्या खाली माझं नाव लागेल, फोममध्ये कापून, अन् तेही सेठच चिकटवतील, साऱ्यांसमोर. सेठ म्हणाला, ये क्या बचपना है. मी पुन्हा सूप हलवाले घेतलं. एवढे तांदूळ मी आयुष्यात कधी निवडले नाहीत, खडा तं एकही नव्हता त्यात.

आणले त्यानं फर्मे. स्कूटरवर दोन खेपा केल्या. मी मोजून घेतले, मामाकडचा पुठ्ठा वेगळा काढून छातीशी धरला, अन् मंग तारेचं धनुष्य घेऊन कामठ्याले गेली. एक एक पाकळी घेतली, जिभेच्या कडेनं तार फिरवली, खाचेत फिरवली, तारेले जेवढं खायचं होतं तेवढं खाऊ दिलं. रात्रीच्या जेवणाच्या आत कडं बंद झालं, सपाट, पाण्यावर ठेवल्यासारखं. चक्र मधे जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी साऱ्या गावासमोर सेठ स्टेजवर चढला. माझं नाव, कुंदा रामटेके, कामठा, निळ्या फोमचं. चिकटवलं त्यानं. पण चिकटवून वळला अन् माइकजवळ हसत म्हणाला, लो भाई, अब नौकरों के भी नाम लगने लगे.

अन् लोक हसले. परके हसले त्याचं मले काही नाही. माझ्या मोहल्ल्यातले हसले, भाऊराव हसला. माझा बाप पहिल्या रांगेत होता, तो हसला नाही, त्यानं मान खाली घातली. गुरुजी, फर्मे परत आले, नाव लागलं, दोन्ही गोष्टी मी जिंकली होती, अन् त्या एका वाक्यानं त्यानं सारं मातीत घातलं. बाप नंतर दोन वर्षं जगला, त्या नावाचा विषय त्यानं कधी काढला नाही. बाप गेला, जे व्हायचं ते झालं, पण खाली गेलेली ती मान मी विसरली नाही, विसरणार नाही. मी तेव्हाच ठरवलं, याचं एक एक माणूस याच्यापासून तोडीन.

मंग मी मशीन घेतली. बचत गटाच्या बायांना उभं केलं, ह्यांनी ऑटो गहाण टाकला, अन् नागपूरच्या मशीनवाल्या दुकानदाराकडं मी जेवणाचा डबा घेऊन गेली. तो भाव सांगे, मी डबा उघडून जेवाले बसे. गिऱ्हाईक येत, विचारत ही बाई कोण, तो कपाळावर हात मारे. शेवटी म्हणाला, बाई, तुमचा भाव घ्या पण डबा बंद करा. त्याच्या मेकॅनिकनं मले चालवणं शिकवलं. चुका मी पण केल्या, एकदा सनबोर्ड घातला मशीनखाली, तो दिसते फोमसारखाच पण प्लास्टिकचा असते, असा विषारी धूर निघाला की घशात मिरची गेल्यासारखं झालं अन् मशीनच्या लोखंडाले गंज चढला. तेव्हापासून कोणी कितीही गोड बोलो, सनबोर्ड मी लेझरखाली घालत नाही.

दुकान गोंदियात नाही टाकलं, इथं सडक अर्जुनीले टाकलं, हायवेच्या तोंडावर. लोक म्हणाले येडी झाली, इथं ट्रक अन् ढाबे, फोम कोण कापेल. मी पाहिलं होतं, ट्रकच्या गॅरेजवाल्यांचे पाने पेटीत एकावर एक पडलेले असतात, एक हरवला तं संध्याकाळी कळते. मी जाड फोममध्ये ज्या त्या पान्याच्या आकाराची जागा कापून दिली, खाली लाल थर. पाना जागेवर नसला की लाल दिसते. आता रायपूरपर्यंतच्या गॅरेजमध्ये माझी पेटी आहे. शाळेवाले येतात, तुम्ही आलेच. अन् मंडपवाले. सेठकडून कमळ अन् कमानी कापून नेणारे लहान मंडपवाले मी एक एक करून आणले. त्याच्यापेक्षा कमी भावात नाही, जास्त भावात आणले, कारण माझं कमळ सपाट बसते. फर्मे मी लेझरच्या हिशेबानं नव्यानं काढले होते. त्याचा भाचा रायपूरले परत गेला, जाताना मले भेटून गेला, म्हणाला मौसी, उस दिन बोल देती तो. मी म्हटलं, बेटा, तू विचारलं असतं तं तुले सांगितलं असतं, पण त्या घरात विचारायची रीत नव्हती. सेठच्या मशीनची उजेड काढणारी नळी गेली ती त्यानं बदललीच नाही. गोदामात आता धानाचे पोते ठेवतो म्हणतात.

अन् मंग तो आला. मागच्या उन्हाळ्याच्या आधी. केस पांढरे, हातात काठी. मी त्याले त्याच स्टुलावर बसवलं. पाय हलला तसा तो दचकला, काठी टेकून बसला. मी पाणी दिलं, चहा सांगितला. मंग कामाचं बोलला. लहान पोरीचं लग्न, नवरदेव नागपूरचा, अन् पोरगी हट्ट धरून बसली, की लहानपणी पाहिलं होतं तेच कमळ पाहिजे मांडवात, दुसरं नाही. तो म्हणाला, कुंदाबाई, कितना होगा.

कुंदाबाई म्हटलं त्यानं. आयुष्यात पहिल्यांदा.

मी म्हटलं, फुकट. पोरगी तुमची असली तरी गोदामात माझ्या मांडीजवळ बसून फोमचे तुकडे वेचत होती, मले मौसी म्हणे. मीच कापीन, मीच येऊन लावीन. फक्त खाली माझं नाव लागेल, नवरीच्या नावाएवढ्याच अक्षरात. अन् तुम्ही माइकवर सांगाल की हे कमळ कोणाचं. बस.

तो भाव करायची तयारी करून आला होता गुरुजी. फुकट म्हटल्यावर भाव कशाचा करणार. स्टुल हलत होता, मागं मशीन चालू होती. म्हणाला, साऱ्या बिरादरीसमोर कसं होईल, घरी विचारतो. मी म्हटलं, विचारा. चहा तसाच सोडून गेला. पुन्हा नाही आला.

आमचे हे म्हणाले, पोरीसाठी तरी सोडून द्यायचं होतं. मी म्हटलं, काऊन सोडू? माझ्या बापानं मान खाली घातली तेव्हा सेठनं सोडलं होतं का?

पण कमळ मी कापलं. लग्नाच्या त्याच आठवड्यात. आजवर जेवढी कापली त्यात सगळ्यात मोठं, गुलाबी अन् पांढऱ्या फोमचं, अन् इथं दुकानाच्या समोर, हायवेकडं तोंड करून उभं केलं. खाली निळ्या अक्षरात माझं नाव. कारण नागपूरहून गोंदियाले जाणारी वरात इथूनच जाणार, अन् समोरच्या ढाब्यावर चहाले थांबल्याशिवाय कोणतीच वरात पुढं जात नाही.

थांबली. भर दुपारी. बसमधून बाया उतरल्या, पोरं उतरली, कमळ पाहिलं अन् धावत इकडं आले. सारे फोनमध्ये फोटो काढून राहिले. मंग नवरदेवालेच आणून मधे उभा केला, फेट्यासकट, करवल्या बाजूले, खाली माझं नाव. त्याच्या मायनं मले विचारलं, बाई, हे तुम्ही बनवलं? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मांडवात पण असंच आहे का? मी म्हटलं, ते तुमच्या व्याह्यांना विचारा.

विचारलंच असेल तिनं. मांडवात म्हणे कापडाचा पडदा होता.

आता माझं काही मागणं नाही गुरुजी. उन्हानं फोमचा रंग उडते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मी समोरच्या कमळाखालची ती अक्षरं नवी कापते, फिकी पडू देत नाही. सेठची मोठी लेक नागपूरले दिली आहे, आता लहानी पण तिकडंच, त्याले यावंच लागते या रस्त्यानं. देवाचं मी काही मानत नाही, तरी मनापासून म्हणते, त्याले शंभर वर्षं आयुष्य मिळो, हातपाय चांगले राहो, अन् डोळे तं खासच चांगले राहो, चष्म्याशिवाय वाचता येवो. येता-जाता, दोन्ही वेळा.

घ्या, झालं तुमचं धरण. कडेले हात लावून पाहा.